बापाच्या हातची फळी

जेथ्रो माझा धाकटा भाऊ. इंग्लंडातल्या सफोकच्या चिकणमातीत आम्हा गॅरडांसारखे चर खणणारे दुसरे कोणी झाले नाहीत, आणि मला सोडलं तर जेथ्रोसारखा गॅरडांतही नाही.

शाळेत तो माझ्याइतकाच गेला, म्हणजे नावाला. पण मिशी फुटल्यापासून जमीनदार पियर्ससाहेबांच्या जुन्या घराभोवतीचा खंदक त्यानेच राखला. कापणी संपली की एका बाजूचा गाळ काढायचा, पाणी मात्र पुरतं बाहेर सोडायचं नाही. ही आमच्या बापाची रीत. तळातलं लाकूड उघडं पडलं की कुजतं, म्हणायचा.

ते लाकूड म्हणजे जुन्या पुलाचे ओकचे खांब. तिथेच जेथ्रोच्या फावड्याला लहान पोराचा चामडी बूट लागला, शिवणसुद्धा शाबूत. म्युझियमच्या ऑड्रीबाईंनी बूट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाल्या, वरचं घर कितीदा तरी पाडून बांधलंय. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसांचं जे काही उरलंय ते या चिखलातच. खांब स्वतः पाहिले की सरकारकडून खंदकाला हात लावायची बंदी आणता येईल. सोमवारी दुपारी येते म्हणाल्या.

जेथ्रोच्या पोटात राहतंय कुठलं? कापणीच्या जेवणात बियरचा मग घेऊन तो सरळ पियर्ससाहेबांशेजारी बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. लहानपणी दोघं त्याच खंदकात पोहायला शिकलेले. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"मग पाणी सोड की. बाईंना तुझा पूल नीट दिसू दे."

"बाप कधी सोडायचा नाही, साहेब."

"एका दिवसानं काय होतंय? मी आहे ना."

रविवारी जेथ्रोने बांधाच्या तोंडाची, पाणी अडवणारी फळी काढली. संध्याकाळपर्यंत पाणी ओढ्याला गेलं आणि काळेभोर खांब वर आले. ते सुकू नयेत म्हणून त्याने घरातली सगळी पोती भिजवून त्यांना गुंडाळली. एवढं बायकोलाही कधी जपलं नाहीस, असं मी म्हटलं, तेव्हा केवढा हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बुलडोझर आला. खंदक बुजवून साहेबांना तिथे बीट लावायचं होतं. ड्रायव्हर परगावचा, बिचाऱ्याला काही ठाऊक नाही.

"पाणी तुम्हीच सोडलंत ना? साहेबांनी आभार सांगितलेत. भरल्या पाण्यात माती ढकलली असती तर नुसता राडा झाला असता."

जेथ्रोने खाली उतरून एकेक पोतं सोडलं, पिळलं, खांद्यावर टाकलं. मग बांधाकडे जाऊन फळी उचलली. आमच्या बापाने घडवलेली ती. तेवढी घेऊन तो घरी आला.