हरभऱ्याआधीचे रातकिडे

आमच्याकडे हरभरा कॅलेंडर पाहून पेरत नसत. दसरा सरला की बाबा सिंदी गावच्या आमच्या वावरात दिवेलागणीला धुऱ्याच्या बांधावर बसायचे आणि रातकिडे ऐकायचे. हवेत गारवा आला की किरकिर संथ होते, जडावते. ती जडावली की दुसऱ्या दिवशी पेरणीची तिफण निघालीच. मी शिकलोसवरलो, वर्ध्याला नोकरीला लागलो, तरी या गोष्टीला हसायची माझी कधी छाती झाली नाही.

दुसरीही एक रीत होती. बियाण्याला हात लागला की पेरणी होईस्तोवर घरात कुणी ‘नाही’ म्हणायचं नाही. मीठ संपलं तर ‘मीठ वाढलं’ म्हणायचं, बांगडी वाढते तसं. लहानपणी मी या रिवाजाचा चिक्कार फायदा उठवला. त्या दिवसांत मागेन ते मिळायचं.

गेल्या वर्षी गारवा आलाच नाही. पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला, मग ऊन असं तापलं की काळी माती विटेसारखी झाली. अलीकडे हे असंच चाललंय. बियाण्याला तर आधीच हात लागलेला. धुऱ्यावरून बाबांनी विचारलं, “आवाज येऊन राह्यला का?”

वावर गप्प होतं. गवतातून एक नाकतोडासुद्धा उडत नव्हता. आई म्हणाली, “येऊन राह्यला ना.” मीही तेच म्हणालो.

“मंग माह्येच कान गेले का काय?” बाबांनी कानात करंगळी फिरवली.

मी गावी गेलो की तेच. बाबांनी स्वतःला बहिरं ठरवून टाकलं आणि आम्हीही त्यांच्याशी ओरडून बोलू लागलो. मला तर ‘येतो, येतो’ म्हणता म्हणता खरंच ऐकू यायला लागलं. वर्ध्याच्या घरात, भर दुपारी, पंख्याखाली. पंखा बंद केला तरी किरकिर थांबत नसे. भुतांवर माझा विश्वास नाही, पण मी घाबरलो होतो.

भाऊबीजेला आम्ही तिघं हिंगणीला बहिणीकडे गेलो. तिकडे धरण, मागे जंगल, हवा ओलसर. संध्याकाळी तिच्या अंगणात पाय ठेवला आणि चहूकडून किरकिर उठली. आमच्या वावरात कधी होती त्याहून दाट.

बाबा थबकले. “आयकू येऊन राह्यलं मले!”

मला कोण आनंद झाला! हे किडे हल्ली ओल आणि गारवा टिकून असतो तिकडे सरकतात, असं कुठंसं वाचलं होतं. तेही उत्साहाच्या भरात सांगून मोकळा झालो.

बाबा हळूच खाटेवर टेकले. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मंग घरी तुमाले कायचा आवाज येऊन राह्यला होता?”

आईनं मान खाली घातली.

“कान गेले असते तं बरं होतं,” बाबा म्हणाले. “माह्याऐवजी तुह्या मायनं आयकलं असतं. आता वावरच मुकं झालं, तं कोणाच्या कानानं आयकू?”