चंद्रावतीचे हात

आमच्या सासूबाईंना, चंद्रावतीला, मालवणच्या मासळी बाजारात ओळखत नाही असं एक तरी माणूस दाखवा मला! तिच्या हातची सुरमईची तुकडी मिळावी म्हणून लोक शेजारणीची पाटी सोडून हिच्यापुढे उभे राहत. मी कणकवलीकडच्या भातशेतीतली. लग्न होऊन आले तेव्हा बांगडा कुठे धरायचा तेही ठाऊक नव्हतं, त्यावरून तिने माझी भरपूर टिंगल केली.

मग तिला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, किमो, सगळं गोव्याला जाऊन निभावलं. पुढे डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली, काही वर्षं घ्यायची. तिचा कॅन्सर शरीरातल्या हार्मोनवर वाढणारा. ते हार्मोन बनणंच ही गोळी कमी करते, म्हणजे तो परत येण्याची भीती कमी. एवढीशी गोळी, पण काय पीडा! सकाळी बोटं आखडलेली, गुडघे धरलेले, भर थंडीत अंगातून वाफा. एकदा तर बाजारात मासे कापायचा कोयता हातातून निसटला. त्या दिवशी ती अर्धी भरलेली पाटी तशीच घेऊन घरी आली.

शिमग्याच्या सुमारास मात्र हात मोकळे झाले. आम्ही खूश! मी नवीन गोळ्या आणायला निघाले तर म्हणाली, "नको गो संचिता, घरात रवल्यात अजून." डबा उघडला तर पाकिटं तशीच पडलेली.

"आये, ह्या काय?"

"आता मासळीचो सीझन. माका हात व्हये. पावसात मासेमारीक बंदी लागली की काम खंय आसा? तेव्हा दोन-दोन घेयन. भरान निघतला."

माझं डोकंच फिरलं. "औषध म्हणजे सुको बांगडो नाय, पावसासाठी भरून ठेवूक!" असं मी ओरडले. ती माझ्या हातचं जेवली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "चल, डॉक्टरणीक विचारूया. पण बोलतलंय मी."

तिथे तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि ऑफिसातलं मराठी काढलं. "डॉक्टर, मला जगायचं आहेच. पण ह्या हातांनी मी घर चालवलं. ते गेले तर मी कोण?"

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, ही गोळी साठवून घेता येत नाही. बंद केली की हार्मोन पुन्हा वाढतं, आणि नंतर दोन घेऊन ते महिने भरून निघत नाहीत. पण तुमचा त्रास खोटा नाही. आधी सांगायचं ना!" दुसऱ्या प्रकारची गोळी सांध्यांना सोपी, पण तिने रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि आयेच्या पायात पूर्वी एकदा झालेली. उरली याच जातीतली वेगळी गोळी. दुखणं कमी होईल, कदाचित नाहीही. आयेने विचारलं, "आणि काहीच घेतलं नाही तर?" डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे घेऊन धोका किती ते नीट समजावलं.

परतीच्या एसटीत तिने माझे हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली, "गोळी घेयन मी. कोयतो तू धर."

"मी?"

"मग काय शेजारीण धरतली?"

नव्या गोळीने दुखणं थोडं उतरलं, गेलं नाही. आये विकायला बसली, मी कापायला. माझे तुकडे एक जाड, एक पातळ. पहिल्याच रविवारी एक नेहमीची बाई फणकारली, "मावशे, तूच काप गो! सुनेन सुरमईची वाट लावल्यान." मला जमिनीत जावंसं वाटलं.

आये गुडघ्यांवर हात टेकत उभी राहिली. आवाज अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा.

"माका छातीचो कॅन्सर झालेलो. तो परत येव नये म्हणान गोळी खातंय, तेना माझे हात धरतत. माका हात व्हयेच होते, पण जीव जास्त व्हयो वाटलो. आता सून कापता तसा व्हया तर घे, नाय तर फुडे जा!"

बाईने मुकाट्याने पिशवी पुढे केली. मी आयेकडे बघतच राहिले.

"बघतंस काय गो?" ती खेकसली. "काप!"