शालूकाकूंचा दसरा आणि गंजलेला क्रँकशाफ्ट

ग्रुपवरच्या टू-स्ट्रोक गाडीवाल्यांनो, आज मी खोटं बोललो.

मुलुंडच्या शालूकाकूंकडे त्यांच्या वडिलांची मोटरसायकल आहे, पन्नासच्या दशकातली. वडील गेल्यापासून कोणी चालवली नाही. आज सकाळी मी इंजिन उघडलं, तर आतला फिरणारा दांडा, क्रँकशाफ्ट, पार गंजलेला. झिजला म्हणावा तर तसंही नाही. अजून कितीतरी वर्षं टिकला असता, पण आत पाणी शिरलं होतं.

काकू बाजूलाच उभ्या होत्या. "दर दसऱ्याला पाइप लावून धुते रे, मग हार घालते. तरी कसा बिघडला?"

मी म्हटलं, "वय झालं ना त्याचं, काकू."

त्यांना बरं वाटलं. "मग नवीन टाक. यंदा दसऱ्याला आणखी चकाचक धुते."

आता यांना कसं सांगू, यार?