देवडीची शेवटची चौकट

एनिड बेडोज देवडीच्या कमानीखालून जाताना मान वाकवायची. कमान खरं तर एवढी उंच, की गवताने भरलेली गाडी आरामात जाईल. चहा ती थर्मासच्या झाकणातून प्यायची. अनोळखी माणसाला आधी बूट पुसायला लावायची, मग नाव विचारायची. पाऊस थांबला की ओकच्या खांबांना नाक लावून कुजका वास येतोय का ते बघायची.

सोमवारपर्यंत हे सगळं चालू होतं.

इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या आमच्या गावातली ही जुन्या जहागिरीची देवडी. खाली वाट, वर दोन खोल्या. सांगाडा ओकचा, लाकडी खुंट्यांनी जोडलेला. वरचा मजला रस्त्यावर थोडा झुकलेला. खांबांमधल्या चौकटी कुडाच्या: हेझल नावाच्या झुडपाच्या काड्या, माती, पेंढा, शेण. एनिड तिथेच जन्मली. ती तान्ही असताना कडाक्याची थंडी पडली, तेव्हा तिच्या वडिलांनी कूड काढून चौकटींत सिमेंट भरलं. फटी बुजल्या. गावाने वाहवा केली. पण कूड ओल बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून ठेवतं. लाकूड कुजू लागलं, तशी तीच माणसं म्हणू लागली, बेडोजने देवडीचा जीव घेतला.

टपाल कचेरीतून निवृत्त झाल्यावर एनिडने एकेक चौकट फोडून पुन्हा कूड भरायला घेतला. शेजारचा शेतकरी रॉन शेण आणून टाकायचा. "बापाने बुजवायचं, लेकीने उकरायचं. तुमच्या घराण्याला दुसरा उद्योग नाही का गं?" त्याच्या बाकी थट्टेला ती सव्याज उत्तर द्यायची. या एकीला नाही.

सुट्टीच्या दिवशी मी कुडासाठी माती तुडवायला जायचे. एनिड ओरडायची, "कविता म्हणत असल्यासारखी काय अलगद नाचतेस, पोरी? टाच मार."

शेवटची चौकट कोपऱ्यातल्या खांबाला लागून होती. वरचा सगळा भार त्या खांबावर. तो कुजला असेल तर लोखंडी टेकू लावून वाट कायमची बंद करावी लागेल, असं पाहणीला आलेला इंजिनियर सांगून गेला होता. एनिडने ती चौकट मुद्दाम मागे ठेवली होती.

सोमवारी सुट्टी होती. तिने सिमेंट फोडलं. मी बॅटरी धरली. तिने खांबाला छिन्नी टोचली. छिन्नी आत गेली नाही. खाली टोचली, तिथेही नाही. खांब शाबूत होता. ती जमिनीवर बसली.

खांबाला पाठ टेकून म्हणाली, "बाबांना फक्त मला थंडी वाजू द्यायची नव्हती गं."

मग तिने काड्या विणल्या. माती भिजवून ओल्या पोत्याने झाकली. बाकीचं उद्या, म्हणाली.

सकाळी दार उघडलं नाही. रॉनने शिडी लावली. ती झोपेतच गेली होती.

चौकट अजून उघडी आहे. काड्यांमधून रस्ता दिसतो. पोत्याखालची माती मऊ आहे, तुडवायची राहिली आहे.