डावीकडच्या सीटवरून रायपूर

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे ते साठत जातात. रोज लागत नाहीत, टाकवतही नाहीत. पण चार माणसं चहाला बसली की त्यातला एखादा आपोआप खाली येतो आणि झाकण उघडल्यावर आतला वास अजून शिल्लक असतो. माझ्याकडचे बरेचसे डबे एकाच मोटारीतून आलेले आहेत.

मोटार पांढरी, जुनी आणि दुसऱ्याची वापरून झालेली. तिच्यात बसणारे आम्ही चौघं. मी रायपूरच्या मंत्रालयात बाबू होतो. राज्य नवीन झालं तेव्हा इथे टेबलं कमी आणि साहेब जास्त होते. त्या गडबडीत मी बडेबाबू झालो. निवृत्तीनंतर सरकारने खुर्ची काढून घेतली, पण मित्रांनी पद राहू दिलं. दुसरी माझी बायको उषा. तिसरा खापरे, रेल्वेतला निवृत्त गार्ड, मूळचा वर्ध्याकडचा. सगळी नोकरी शेवटच्या डब्यात काढल्यामुळे त्याने जग पाहिलं ते नेहमी मागे जाताना. चौथा डबीर, त्याचं औषधाचं दुकान आहे. त्याचं घराणं भोसल्यांच्या काळात रायपुरात आलं, आणि तो हे असं सांगतो की जणू अजून सामान उतरवायचं आहे.

दर रविवारी सकाळी आम्ही निघायचो. कधी महानदीचा काठ, कधी एखादं धरण, कधी नुसतीच धानाची शेतं. जिथे बस जात नाही अशी जागा निवडायची, एवढा एकच नियम होता. डबीरच्या बायकोला गुडघे बाहेर पडू देत नसत. ती डबा भरून द्यायची, आणि डबा इतका मोठा असायचा की पाचवं माणूस आल्यासारखंच वाटे. खापरेची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तो आठवडाभर एकटा जेवतो. रविवारी मात्र गुळगुळीत दाढी करून कोपऱ्यावर आमच्या आधी हजर असायचा.

* * *

एका रविवारी मी गाडी हळू केली आणि थांबवली. समोर रस्त्याच्या कडेला एक माणूस हात वर करून उभा होता. म्हातारा असावा. मी म्हटलं, जाऊ दे त्याला आधी.

बराच वेळ तो जाईना. मी हातानेही खूण केली.

मागून खापरे शांतपणे म्हणाला, "बडेबाबू, काहून थांबले?"

"त्याला जाऊ देतो आहे."

"तो नाही जात. हातपंप हाय तो."

डबीर म्हणाला, "आपण जाऊ. त्याला घाई दिसत नाही."

तेव्हा सगळे हसले. उषा हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरने दोन्ही डोळ्यांत उजेड मारून पाहिला. मोतीबिंदू तर होताच, शिवाय साखर इतकी वाढली होती की आतल्या पडद्याला सूज आली होती. साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, आणि उतरली तरी पडदा किती साथ देईल ते पुढे बघू, असं तो म्हणाला. तोवर गाडीला हात लावायचा नाही.

"और पढना?" मी विचारलं. नोकरीत फायली आणि घरी कादंबऱ्या, याशिवाय मी दुसरं काही केलेलं नाही.

"थोडा थोडा," तो म्हणाला. मी बाबू आहे. थोडं थोडं म्हणजे नाही, हे मला कळतं. लोकांना मी स्वतः ते अनेक वर्षं सांगत आलो आहे.

* * *

तेलीबांध्याच्या तलावाकाठी बाकावर बैठक बसली. विषय एकच: गाडी कोण चालवणार? कारण नाही चालली तर रविवार बंद.

खापरे म्हणाला, "मी नाही. गाडी कवा सोडायची ते मी सांगतो. चालवणं ड्रायवरचं काम. डिपार्टमेंट वेगळं हाय."

डबीरला स्कूटर येत होती. "आमच्याकडे घोडे होते," तो म्हणाला.

"किती पिढ्यांमागं?"

"ते जाऊ दे. पण चार चाकं आमच्या घराण्यात नाहीत."

पगारी ड्रायव्हर ठेवावा, असं मी सुचवलं. डबीर म्हणाला, त्याच्यासमोर मोकळेपणाने भांडता येणार नाही. हा मुद्दा सगळ्यांना पटला.

खापरे तलावाकडे बघत बसला. त्याने त्या दिवशीही दाढी केली होती.

उषा थर्मासमधून चहा ओतत होती. झाकण लावता लावता म्हणाली, "मी शिकते."

तिचं वय सांगायची मला परवानगी नाही. नातवाची मुंज झाली होती, एवढं सांगितलं तर चालेल.

रात्री मुलाला फोनवर सांगितलं. तो पुण्यात असतो, त्याला मराठी सगळं समजतं, पण तो उत्तर हिंदीत देतो. "पापा, आप मम्मी को रोकते क्यों नहीं?"

मी फोन उषाकडे दिला. म्हटलं, रोक बाबा तूच. पुढचा बराच वेळ तो फक्त "हां मम्मी" म्हणत होता.

* * *

आठवड्याचे दिवस ती ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरकडे जायची आणि रविवारी आम्ही सराव करायला नव्या रायपूरला, शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत. तिथवर गाडी आणून सोडायला आणि परत न्यायला डबीरचा पुतण्या यायचा. गाडी शिकणाऱ्यासाठी सरकारने याहून चांगली सोय केलेली नाही. रस्ते असे रुंद की समोरच्या बाजूचा माणूस परगावचा वाटावा. चौक आहेत, सिग्नल आहेत, फक्त वाहनं यायची राहिली आहेत. नोकरीत असताना मी स्टाफ बसने रोज तिथे जायचो आणि हा एवढा रस्ता कोणासाठी केला, असं मनात म्हणायचो. आता कळलं, उषासाठी केला.

लाल सिग्नल लागला की ती थांबायची. चारी दिशांना क्षितिजापर्यंत चिटपाखरू नसायचं. आम्ही चौघं गाडीत गप्प बसून हिरव्याची वाट बघायचो. डबीर तेवढ्यात डबा उघडायचा.

शिकवायला शेजारी मी. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवू नये, हे मला शिकवायला कोणी नव्हतं. तिसऱ्या वळणावर मी "क्लच, क्लच" म्हणालो. चौथ्यावर जरा मोठ्याने म्हणालो. तिने गाडी बाजूला घेतली, अगदी व्यवस्थित घेतली, आणि म्हणाली, "अहो, तुम्ही उतरा."

मी उतरलो. गाडी गेली. शिकाऊ लायसन्सवर, शेजारी लायसन्सवाला नसताना गाडी नेणं नियमात बसत नाही, हे मी तिथेच स्पष्ट सांगितलं. पण ऐकायला एक बगळा होता.

ऊन चढत होतं, सावलीला एक नवीन लावलेलं झाड होतं आणि त्याची सावली त्यालाच पुरत नव्हती. गाडी येईना. तिला तेव्हा उजवीकडे वळता येत नसे. ती डावीकडे, डावीकडे, डावीकडे करत अर्धी राजधानी फिरून माझ्यापर्यंत आली. काच खाली करून म्हणाली, "या."

मागून खापरे म्हणाला, "गाडी लेट हाय, पण सुखरूप हाय."

पुढच्या रविवारपासून शेजारी डबीरचा पुतण्या बसू लागला. त्याच्याकडे लायसन्स होतं आणि बोलायची सवय नव्हती. मागे आम्ही तिघं दाटीवाटीने.

* * *

आता खापरेचा गुन्हा सांगतो. तो केला सगळ्यांनी मिळूनच.

गार्डने सांगितल्याशिवाय गाडी हलत नाही, हे खापरेच्या रक्तात. तो मागे बसायचा, मान वळवून मागचा रस्ता बघायचा आणि म्हणायचा, "राइट." मग उषा गाडी सोडायची. मागून काही येत असेल तर तो आधीच सांगायचा: "मोटरसायकल. उजवीकडून. जाऊ द्या. गेली. राइट." आम्हाला हे फार सुरक्षित वाटायचं. आपल्यासारखी गार्डची गाडी शहरात दुसरी नाही, असं आम्ही चार लोकांत सांगायचोसुद्धा.

परीक्षेचा दिवस आला. मैदानात गाडी उभी. इन्स्पेक्टर शेजारी बसले. मागची सीट रिकामी. आम्ही कुंपणापाशी.

"चलिए मॅडम," ते म्हणाले.

गाडी चालू होती. पण हलेना.

"मॅडम, चलिए."

उषा नम्रपणे म्हणाली, "पीछे से बोलेंगे ना, तब."

इन्स्पेक्टरनी मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. त्यांनी पुन्हा उषाकडे पाहिलं. नंतर आरशाकडे बोट केलं आणि विचारलं, "ये किसलिए है?"

ती प्रामाणिक बाई आहे. म्हणाली, "टिकली लावायला बरा पडतो." हे मराठीत म्हणाली, म्हणून थोडक्यात निभावलं. पण नापास झाली.

आम्ही घरी आलो. खापरेला ते फार लागलं. उतरताना म्हणाला, "वहिनी, माझ्यानं झालं हे."

"तुमच्यानं काही नाही झालं भाऊजी. मलेच आरसा पाहायची गरज नाही वाटली. मागं तुम्ही होते ना."

तरी पुढच्या रविवारी खापरे तोंडावर गमछा बांधून आला. धूळ आहे, म्हणाला. पाऊस होऊन गेला होता, धूळ कुठेच नव्हती. गाडी सुटायच्या वेळी गमछ्याच्या आत काहीतरी हालायचं, पण आवाज यायचा नाही. उषा आरशात बघायला शिकेपर्यंत त्याने तो सोडला नाही. त्या दिवसांत तो पोहेसुद्धा गमछा उचलून खायचा.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. आम्ही कुंपणाशी उभे होतो. खापरेने गमछा काढला, त्याची नीट घडी केली आणि म्हणाला, "राइट." तिने ते ऐकलं नाही. ती पुढे गेली होती.

* * *

लायसन्स आलं ते तिने पर्समध्ये ठेवलं आणि येईल त्याला दाखवलं. भाजीवाल्यालाही.

मग डबीरच्या पुतण्याने भनपुरीत गोदाम घेतलं, त्याची पूजा निघाली. नव्या रायपुरात शिकलेल्या माणसाने भनपुरीत जाणं म्हणजे हौदात पोहायला शिकून पुरात उतरणं. दोन्हीकडे ट्रक, पुढे ट्रक, मागे ट्रक. डबीर ट्रकांमागची वाक्यं वाचून दाखवत होता, कारण मला दिसत नव्हती. हे काम दोघांनी आपणहून वाटून घेतलं होतं. दुकानांच्या पाट्या खापरे वाचायचा, ट्रक डबीर. मी म्हटलं नव्हतं. त्यांनीही कधी बोलून दाखवलं नाही.

तेवढ्यात कडेला डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई दिसली. उषा थांबली. नव्या रायपुरात ती पायी रस्ता ओलांडायच्या मोकळ्या पट्ट्यांसाठीही थांबायची, इथे तर खरी बाई होती. मागचा ट्रक थांबला, त्याच्या मागचा थांबला, आणि भनपुरीचा रस्ता हळूहळू पार मागेपर्यंत थांबला. हॉर्नचा असा आवाज झाला की टोपलीवाली घाबरून जागची हलेना. उषाने काच खाली करून तिला सांगितलं, "जाओ दीदी, आराम से."

ती गेली. मागचा ट्रकवाला मात्र खाली उतरून खिडकीशी आला. चांगला मिशीवाला होता. "माताजी, लाइसेंस है?"

त्याला टोमणा मारायचा होता. उषाने पर्स उघडली आणि दिलं काढून.

त्याने ते उलटसुलट पाहिलं. उषाकडे पाहिलं. पुन्हा लायसन्सकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी परत दिलं. "फोटो बहुत अच्छा आया है, माताजी," म्हणाला आणि जाऊन मागच्या ट्रकांना ओरडला, हॉर्न बंद करा म्हणून.

* * *

डावीकडच्या सीटवर बसून मला माझंच गाव नव्याने कळलं. चालवणाऱ्याला रस्ता दिसतो, गाव दिसत नाही. आणि मला तर रस्ताही दिसत नव्हता. पण उषा सांगायची, मागचे दोघं भर घालायचे आणि दोघांचं पटायचं नाही. तेलीबांध्याच्या पाण्यात एका वेळी तीन माणसांनी सांगितलेले तीन रंग मी पाहिले आहेत. चांगल्या डोळ्यांनी मी तो तलाव वर्षानुवर्षं बसमधून ओलांडला होता.

एक तोटा झाला. मी चालवायचो तेव्हा गाडी जलेबीच्या दुकानासमोर आपोआप थांबायची. आता ती तिथेच वेग घ्यायची. मी, "अगं, चाकात हवा कमी वाटते," असंही म्हणून पाहिलं.

"पुढं पाहू," ती म्हणायची. पुढे दुकान नसायचं.

त्यामुळे साखर उतरली. पडद्याची सूजही गेली, एक डोळा झाला, मग दुसरा. ऑपरेशनला नेलं उषाने, आणलं उषाने. खापरे आणि डबीर मागे बसून होते. डबीरच्या बायकोने दवाखान्यातही डबा पाठवला होता.

पट्टी सुटली, थेंब संपले, आणि एका शनिवारी डॉक्टरने पाटीवरची सगळ्यात खालची ओळ माझ्याकडून वाचून घेतली. "बढिया," तो म्हणाला. "अब आप आराम से गाडी चला सकते हैं."

हे मी घरी कोणाला सांगितलं नाही. म्हटलं, रविवारी सांगू.

रविवारी लवकर उठलो, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. किल्ली खिळ्यावर नव्हती. खाली आलो तर गाडी सुरू होती. स्टिअरिंगवर उषा, मागे खापरे आणि डबीर, मधे डबा. मी सरळ उजवीकडच्या दाराशी गेलो आणि काचेवर टकटक केलं.

उषाने काच खाली केली.

"डॉक्टर म्हणाले, आता मी गाडी चालवू शकतो."

खापरे मागच्या रस्त्याकडे बघू लागला. डबीरने डब्याचं झाकण बसलं आहे का ते तपासायला घेतलं.

उषा खरंच मनापासून हसली. तिचे डोळे भरून आले होते, ते मला आता स्पष्ट दिसत होतं.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "मग आता शिकून घ्या."

आणि वाकून तिने डावीकडचं दार उघडलं.