मित्राच्या गाडीला गिअर

मित्राची जुनी गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या पोटात दुखलं, हे आधीच सांगून टाकतो. दोन हजार चौदाचा सुमार असेल. मी सिंगापुरात, बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये राहायचो आणि एमआरटीच्या ट्रेनने ऑफिसला जायचो. तो बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मरीन परेडच्या महागड्या कॉन्डोत. तिथल्या बेसमेंटमध्ये ती उभी होती, सत्तरच्या दशकातली ब्रिटिश गाडी, फिकट निळी, चकचकीत बंपरची. नाशिकला कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. तेव्हा याला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

वेड होतं ते मला, आणि ते लावलं त्याच्याच वडिलांनी. काका दर रविवारी सकाळी त्यांच्या पांढऱ्या खटाऱ्यावर मला मैदानात गाडी शिकवायचे. मुलाला कंटाळा यायचा, तो क्रिकेटला पळायचा. काका म्हणायचे, क्लच पायाने नाही, कानाने सोडायचा. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले होते. त्या रविवारची मी आठवडाभर वाट बघायचो. पण शिकवून झालं की काका त्यांच्या घरी जायचे आणि मी माझ्या. शेवटी ते त्याचे वडील होते.

मित्राने व्हिडिओ कॉलवर काकांना गाडी दाखवली. त्यांनी सगळीकडून पाहिली आणि गिअर कुठे आहे असं विचारलं. ऑटोमॅटिक आहे म्हटल्यावर, दिसायला छान आहे, एवढंच बोलले. मित्राला ते फार लागलं. पुढच्याच महिन्यात हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत कॉफी पिताना त्याने मला बेत सांगितला. गाडीला गिअर बसवायचा, आणि पुढच्या वर्षी काका येतील तेव्हा स्वतः चालवत त्यांना फिरवायचं. आयुष्यात एकदा तरी बाबांनी माझ्या शेजारी बसून वा म्हणावं, असं तो म्हणाला. गाडी तयार झाली की चालवायला मी शिकवायचं ठरलं.

मला तेव्हाच एक गोष्ट आठवली, जी तो साफ विसरला होता. तो गाडी शिकला सिंगापुरात आणि ऑटोमॅटिकवर. त्याचं लायसन्स होतं थ्री-ए. त्यावर क्लचची गाडी इथे रस्त्यावर आणता येत नाही. त्यासाठी पुन्हा क्लास, पुन्हा परीक्षा, आणि परीक्षेची तारीख मिळायलाच महिने लागतात. मी भारतातलं लायसन्स इथे बदलून घेतलं होतं, मला दोन्ही चालवायची मुभा होती. एकदा पास झालं की कार्ड पाकिटात जातं, त्यावरचं अक्षर पुन्हा कोण बघतो? त्याच्या हातात चांगले आठ महिने होते. मी एका वाक्यात सांगू शकलो असतो. मी कॉफी संपवली आणि दुसरी मागवली.

आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये एका चिनी अंकलचं वर्कशॉप होतं. दर शनिवारी आम्ही तिथे जायचो. पलीकडे मलेशियात, जोहोरला भंगारात निघालेल्या तसल्याच एका गाडीचा गिअरबॉक्स मिळाला. सरकारी परवानगी आली. मग जुना गिअरबॉक्स उतरला, मधला शाफ्ट कापून लहान केला, गिअरच्या दांडीसाठी तळाला भोक पाडलं. क्लचचं पेडल बसलं त्या दिवशी अंकलनी मलाच दाबून बघायला सांगितलं, कारण मित्राला त्यातलं काही समजणार नव्हतं. पेडल छान भरीव लागत होतं. मित्र शेजारी उभा राहून फोटो काढून काकांना पाठवत होता. काकांचे लांबलचक मेसेज यायचे, तो मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि माझा जळफळाट व्हायचा. मी मूग गिळून बसलो. त्याचं त्यालाच कळेल, असं मनाशी म्हणायचो. खरं तर त्या गाडीतून काकांना मीच फिरवावं, असं मला वाटत होतं.

काका आले, पंधरा दिवसांसाठी. चौथ्या दिवशी गाडी तयार झाली. विम्यात आम्हा दोघांची नावं होती. चावी देण्याआधी अंकलनी सहज मित्राचं लायसन्स मागितलं, आणि बघून परत केलं.

"थ्री-ए. ऑटो ओन्ली. धिस वन यू कॅनॉट ड्राइव्ह, लाह."

मित्राने कार्ड दोनदा उलटसुलट केलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी चेहऱ्यावर आश्चर्य आणलं. त्या चेहऱ्याची मला अजून लाज वाटते. काका बाहेर बॉनेटवरून हात फिरवत होते. मित्राने चावी माझ्या हातात दिली, आज हा चालवेल असं काकांना सांगितलं आणि मागे जाऊन बसला.

पहिला गिअर लोण्यासारखा पडला. काका माझ्या शेजारी बसून डोळे मिटून इंजिन ऐकत होते. दुसरा, तिसरा. वा, म्हणाले. हात अजून तसाच आहे रे तुझा, म्हणाले. इतका आनंद मला बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता. मागून काहीच आवाज नव्हता, आणि तेही मला आवडत होतं.

ईस्ट कोस्टला समुद्राकाठी थांबून आम्ही चहा प्यायलो. मग काका मुलाला म्हणाले, "आता तू घे. मला तुझ्या शेजारी बसायचंय."

"मला नाही चालवता येत, बाबा. माझं लायसन्स ऑटोमॅटिकचं आहे. आज कळलं."

काकांनी गाडीकडे बोट दाखवलं. "मग एवढा खटाटोप कशाला केलास?"

"तुम्हाला आवडेल म्हणून."

आता काका हसतील, नाहीतर चिडतील, असं मला वाटलं. दोन्ही मला चाललं असतं. पण ते उठून गाडीकडे निघाले. मी इंजिन चालू केलं आणि त्यांच्यासाठी डावीकडचं दार आतून उघडून धरलं. त्यांनी ते हलकेच लावून टाकलं आणि मागे मुलाशेजारी जाऊन बसले.

"चल," मला म्हणाले.

आरशात दिसलं, त्यांनी त्याचा हात हातात घेतला होता. पुढे मरीन परेडपर्यंत मी गाडी चालवली, माझ्या शेजारची सीट रिकामी होती.