आधी गोलाई
डोंगरेजी ड्रॉइंग बोर्डापुढे बसण्याआधी हात धुऊन कोरडे करीत. सेट-स्क्वेअर रुमालाने पुसत. पेन्सिलीचं टोक पॉलिश पेपरवर घासत. रबराचा कचरा हाताने कधी झाडत नसत. त्यासाठी ब्रश होता.

ते ड्राफ्ट्समन होते ती मिल बंद पडल्यावर तिथला ड्रॉइंग बोर्ड त्यांनी सुदामा नगरात घरी आणला. शेजारची मानसी तिथे शिकायला येई. तिच्या वडिलांची नोकरीही मिलबरोबर गेली होती. तिचा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झाला, तरच घर सावरणार होतं आणि ड्रॉइंगमध्ये ती एकदा नापास झाली होती. दोन चाकं आणि त्यांवरचा पट्टा पेन्सिलीने काढून वर शाई भरताना ती आधी पट्ट्याच्या सरळ रेषा ओढी. मग वर्तुळं त्यांना नीट जुळत नसत.

"बेटा, तुझा पट्टा तर चाकाला न शिवताच निघून जातो!"

"काकाजी, रेषा आसान असते ना, म्हणून आधी."

"आसान आहे, म्हणूनच बाद में. आधी गोलाई. रेषा तिला कुठूनही येऊन मिळते. थांब, परीक्षेआधी एक शीट पूर्ण करून देतो."

परीक्षेच्या आदल्या रविवारी डोंगरेजी बोर्डापुढे बसल्या जागीच गेले. मानसी धावत आली, तेव्हा शीट तिथेच लावलेली होती. दोन्ही चाकं काळ्या शाईत पक्की झाली होती. त्यांना जोडणारा पट्टा अजून पेन्सिलीतच होता.